पिकअपचा एअर फिल्टर घेताना



सोयाबीनची मळणी उरकत आली आणि उसाच्या गाड्या रस्त्याला लागल्या, की आपल्या भागात एक गोष्ट सगळीकडे सारखी मिळते. ती म्हणजे फुफाटा. ढोकीहून तेरला जा, मुरुडला जा, नाहीतर कसबे तडवळ्याला जा. डांबरी सोडून गाडी पांदणीला उतरली, की मागे धुळीचा लोट उठतोच. पावसाळ्यात ज्या काळ्या मातीत चाक रुततं, तीच माती मार्गशीर्षात पिठासारखी होऊन उडते. ही धूळ आपल्या नाकातोंडात जाते तेव्हा आपण शिंकतो, खोकतो, तोंडाला उपरणं बांधतो. गाडीच्या इंजिनाला शिंकता येत नाही. त्याच्या तोंडाला बांधलेलं उपरणं म्हणजे एअर फिल्टर.

या फिल्टरविषयी एक प्रश्न वरचेवर विचारला जातो. "कंपनीचा फिल्टर महाग पडतो. बाहेरचा घातला तर चालतो का? आणि घालायचा तर कोणता?"

उत्तर आधीच देऊन टाकतो. बाहेरच्या चांगल्या कंपनीचा फिल्टर चालतो. मात्र तो निवडताना आपण बहुतेक जण जे बघतो, म्हणजे किंमत आणि "हवा मोकळी जाते का", त्यानं निवड चुकते. बघायच्या गोष्टी दोन : कागद कसा आहे आणि फिल्टर आपल्या डब्यात घट्ट बसतो का. त्यातही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी. ती का, हे जरा सविस्तर सांगतो.

इंजिन हवा किती खातं?

आपण डिझेलचा हिशेब ठेवतो. हवा फुकट असते, म्हणून तिचा हिशेब कोणी ठेवत नाही. पण एक लिटर डिझेल पुरतं जळायला कमीत कमी दहा हजार लिटर हवा लागते. दोनशे लिटरचे पन्नास बॅरल डोळ्यांसमोर आणा, म्हणजे अंदाज येईल. डिझेल इंजिन प्रत्यक्षात याहूनही जास्त हवा ओढतं, कारण पेट्रोलच्या इंजिनाप्रमाणे हवा अडवून त्याची ताकद कमी-जास्त करत नाहीत. डिझेल कमी-जास्त सोडलं जातं आणि हवा छाती भरून आत जाते.

आता अडीच लिटरचं, म्हणजे पिकअपमध्ये असतं त्या बेताचं, चार सिलिंडरचं इंजिन घ्या. ते दोन फेऱ्यांत एकदा अडीच लिटर हवा घेतं. मिनिटाला दोन हजार फेरे धरले तर मिनिटाला अडीच हजार लिटर आणि तासाला दीड लाख लिटर हवा झाली. म्हणजे दीडशे घनमीटर. टर्बो असला तर त्याहून जास्त.

त्या हवेत धूळ किती असते? उसाच्या ट्रेलरमागे कच्च्या रस्त्यानं जाताना समोरचं दिसेनासं होतं ना, तशा हवेत घनमीटरला सुमारे एक ग्रॅम धूळ धरतात. म्हणजे त्या हवेत तासभर गाडी चालली, तर इंजिनाच्या तोंडाशी दीडशे ग्रॅम धूळ येते. वाटीभर! सगळा रस्ता काही असा नसतो हे खरं. पण सुगीत शेत ते अडत आणि अडत ते शेत अशा खेपा करणाऱ्या गाडीच्या वाट्याला अशी वाटी बऱ्याच वेळा येते.

फिल्टर शंभरातला नव्व्याण्णव भाग अडवतो म्हटलं, की ऐकायला बरं वाटतं. त्या दीडशे ग्रॅमातला दीड ग्रॅम तरीही इंजिनात गेला. दुसरा फिल्टर हजारात नऊशे नव्व्याण्णव भाग अडवतो. त्यातून गेला तो ग्रॅमचा सहावा हिस्सासुद्धा नाही. टक्क्यात बघाल तर दोघांत एक टक्क्याचाही फरक नाही, आणि सिलिंडरमध्ये गेलेल्या धुळीत फरक दहापट आहे. म्हणून दुकानदार "नव्व्याण्णव टक्के फिल्टर करतो" म्हणाला तर मान डोलवू नका. त्या शेवटच्या एका टक्क्यातच सगळी भानगड असते.

ही धूळ करते काय? मिस्त्रीकडे व्हॉल्व्ह घासायची पेस्ट असते, ती पाहिली असेल. तेलात बारीक कठीण कण कालवले की पेस्ट झाली. सिलिंडरच्या भिंतीला तेल असतंच. त्यात दगडाचे बारीक कण मिसळले की पिस्टनच्या रिंगा स्वतःच ती पेस्ट मिनिटाला हजारो वेळा वर-खाली फिरवतात. रिंग आणि भिंत यांच्यात तेलाचा जो थर असतो तो फार पातळ, एक मिलीमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या काही थोड्या भागांएवढा. माणसाचा केस अशा पन्नास ते सत्तर भागांएवढा जाड असतो. सर्वांत जास्त नुकसान करणारे कण पाच ते वीस भागांचे. म्हणजे केसाहून किती तरी बारीक. डोळ्यांना न दिसणारे हे कण ज्या फटीतून जातात, ती फटही डोळ्यांना दिसेलच असं नाही.

टर्बोचं पातं तर मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. त्यावर धूळ आपटत राहिली की पात्याच्या कडा झिजतात.

ऑइल बाथची सवय

आपल्याकडे एक अडचण आहे ती सवयीची. जुना ट्रॅक्टर, जुनी जीप किंवा विहिरीवरचं डिझेल इंजिन ज्यांनी वापरलं, त्यांना ऑइल बाथ फिल्टर माहीत असतो. खाली वाटी, वाटीत ऑइल, वर तारेची जाळी. हवा खाली जाऊन उलटी वळते, जड धूळ तेलात पडते आणि उरलेली जाळीला चिकटते. आठ-पंधरा दिवसांनी वाटी काढायची, गाळ टाकायचा, डिझेलनं धुवायचं, खुणेपर्यंत नवं ऑइल भरायचं. खुणेवर भरलं तर इंजिन ते तेलही ओढतं आणि नको तितकं पळतं, हेही जाणत्यांना ठाऊक असतं. अनेक ट्रॅक्टरवर हा प्रकार आजही आहे.

बोलेरो पिकअप असो, छोटा हत्ती असो, की आणखी कोणती नवी गाडी असो, तिच्यात कागदी फिल्टर असतो. याला आपले लोक 'कोरडा फिल्टर' म्हणतात. ऑइल बाथपेक्षा तो कितीतरी बारीक धूळ अडवतो. पण त्याला ऑइल बाथची रीत लावली की तो मरतो. कागदी फिल्टर डिझेलनं धुतलेला मी पाहिला आहे, रॉकेलनं धुतलेला पाहिला आहे, आणि साबणाच्या पाण्यात बुडवून दोरीवर वाळत घातलेलाही पाहिला आहे. वाळल्यावर तो दिसतो नव्यासारखा. पण कागदाचे धागे सुटलेले असतात, घड्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, आणि टोकाचा डिंक मऊ पडलेला असतो.

आमच्या घरची गोष्ट

आता घरचंच उदाहरण सांगतो. माझ्या थोरल्या बंधूंकडे पिकअप आहे. दूध, भाजीपाला, सुगीत सोयाबीन आणि लग्नसराईत मांडवाचं सामान, अशी ती बारा महिने चालते. एका वर्षी फिल्टर बदलायचा झाला. दुकानात गेले. दुकानदारानं दोन खोकी पुढं ठेवली. एक कंपनीचं, दुसरं तसंच दिसणारं पण निम्म्या किमतीचं. "अण्णा, आतला माल एकच आहे, नावाचे पैसे कशाला देता?" असं तो म्हणाला. बंधूंनी निम्म्या किमतीचं घेतलं. बिल मागितलं नाही, त्यानं दिलं नाही.

गॅरेजवाल्या पोरानं तो बसवला. झाकण पटकन लागलं. जुना फिल्टर असताना झाकण दाबून क्लिपा ओढाव्या लागायच्या, हा कसा अलगद बसला म्हणून दोघांनाही बरंच वाटलं. गाडीही हलकी चालू लागली.

त्यानंतर आठ महिन्यांनी इंजिन ऑइल कमी होऊ लागलं. आधी पाव लिटर, मग अर्धा, मग दर खेपेला पट्टी बघायची वेळ आली. सकाळी स्टार्टर बराच वेळ मारावा लागे. ऑइल भरायचं झाकण उघडून इंजिन चालू ठेवलं की आतून भकाभका वाफ येई. मिस्त्रीनं फिल्टरच्या पुढचा होजपाइप काढला आणि आत बोट फिरवून दाखवलं. बोटावर पिठासारखी पिवळट धूळ! जो पाइप आरशासारखा स्वच्छ पाहिजे, त्यात शिवार भरलं होतं. मग त्यानं जुन्या मापाचा चांगला फिल्टर आणून दोन्ही शेजारी उभे केले. आमचा दोन सूत बुटका होता. झाकण फिल्टरच्या रबराला दाबतच नव्हतं. हवा कागदातून न जाता वरच्या फटीतून जात होती, म्हणूनच गाडी हलकी चालत होती.

पिस्टन, रिंगा, लायनर, बेअरिंग असं सगळं काम निघालं. साठ हजारांच्या वर खर्च आला, आणि गाडी ऐन सुगीत सतरा दिवस उभी राहिली. गाडी उभी राहते, हप्ता उभा राहत नाही. फिल्टरमागे वाचवलेले पैसे मात्र तीनशेच्या आतले होते.

यातली ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की चोंदलेला फिल्टर बोंब मारतो आणि गळका फिल्टर गप्प बसतो. चोंदला तर गाडी ओढत नाही, चढाला काळा धूर टाकते, डिझेल जास्त खाते. आपण लगेच बघतो. गळका असला तर गाडी उलट मोकळी पळते. तो कळतो तेव्हा रिंगा गेलेल्या असतात.

दुकानात गेल्यावर

पहिलं काम म्हणजे जुना फिल्टर बरोबर न्या. नुसतं "बोलेरोचा द्या" म्हणू नका. एकाच नावाच्या गाडीत सालाप्रमाणे आणि इंजिनाप्रमाणे फिल्टर बदलतात. गाडीच्या आर.सी. बुकावरचं साल सांगा आणि जुन्या फिल्टरवरचा पार्ट नंबर वाचून दाखवा. बाहेरच्या कंपनीचा नंबर वेगळा असतो, पण चांगल्या कंपनीच्या यादीत 'हा नंबर म्हणजे त्या गाडीचा तो नंबर' असं छापलेलं असतं. ती यादी दुकानदाराकडे किंवा त्याच्या मोबाईलवर असते. दाखवायला सांगा.

मग दोन्ही फिल्टर काउंटरवर शेजारी उभे करा. उंची एक पाहिजे. बाहेरचा घेर एक पाहिजे. आतलं भोक एक पाहिजे. दुकानदार हसला तर हसू द्या.

त्यानंतर रबर बघा. फिल्टरच्या टोकाला, किंवा चौकोनी फिल्टरच्या चारी बाजूंना, जी गादी असते तिच्यावर अंगठा दाबा. दाबली जाऊन परत वर आली पाहिजे. दगडासारखी कडक असेल तर ती झाकणाशी मिळून बसणार नाही. दाबलेला खड्डा तसाच राहत असेल तर महिन्याभरात ती बसकी होईल. गादी कुठं जोडलेली असेल तर त्या जोडात नख घालून बघा. सांधा उघडला तर तो फिल्टर परत द्या.

कागदाच्या घड्या सारख्या अंतरावर उभ्या असाव्यात. एका जागी चार घड्या चिकटलेल्या आणि दुसऱ्या जागी बोटभर मोकळं, असं असलं तर हवेच्या जोरानं त्या आणखी हलतात. घड्या मोजायचीही काही जणांना सवय असते. ते चांगलंच आहे. जुन्यापेक्षा घड्या फारच कमी असतील तर कागद कमी आहे, म्हणजे तो लवकर चोंदणार. कागदाला चुरगाळलेल्या वर्तमानपत्रासारखा मऊपणा नसावा, त्याला जरा ताठपणा पाहिजे. चांगल्या फिल्टरच्या कागदावर राळ चढवून तो भाजलेला असतो, म्हणून ओल लागली तरी तो लगेच लोळागोळा होत नाही.

गोल फिल्टर असेल तर दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात जा, मोबाईलची बॅटरी आत धरा आणि बाहेरून फिरवून बघा. सगळीकडे मंद उजेड दिसणं ठीक आहे. सुईच्या टोकाएवढा जरी लखलखीत ठिपका दिसला तरी ते भोक समजा. कागद आणि टोकाची चकती जिथं मिळते तिथं डिंक पुरता भरला आहे का, हे याच वेळी दिसतं. हलक्या मालाची चोरी बहुतेक वेळा इथंच असते.

आता खोक्याविषयी. बाहेरच्या कंपन्यांत दोन जाती आहेत. एक, ज्या फिल्टरचाच धंदा करतात आणि गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनाही माल पुरवतात. फिल्टर बनवणारे मोठे कारखाने आपल्या पुण्यातच आहेत. अशा कंपनीचा, तिच्या स्वतःच्या नावाचा फिल्टर घेतला तर काही बिघडत नाही आणि पैसेही वाचतात. दुसरी जात नकल्यांची. ते दुसऱ्याच्या नावात एखादं अक्षर बदलतात किंवा हुबेहूब खोकं छापतात. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता, बनवल्याचा महिना आणि साल, जास्तीत जास्त किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी फोन असायलाच पाहिजे. वैधमापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे ते बंधनकारक आहे. यातलं काहीच नाही आणि नुसतंच 'हाय क्वालिटी' छापलंय, असं खोकं परत सरकवा. काही कंपन्या आयएसओ ५०११ या कसोटीचा उल्लेख करतात. हवेच्या फिल्टरची धूळ अडवण्याची ताकद आणि धूळ साठवण्याची ताकद मोजायची ती जगभरची पद्धत आहे. उल्लेख असला तर चांगलंच. पण नक्कल करणारा तेही छापू शकतो, तेव्हा त्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका.

बिल घ्या. पक्कं घ्या, पार्ट नंबरासकट घ्या. आमच्या बंधूंकडे बिल असतं तर भांडायला जागा तरी होती. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, पण तिथंही पहिल्यांदा बिलच मागतात. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र तेवढे दिवस कंपनीचाच फिल्टर घाला. उद्या इंजिनाचं काम निघालं तर "बाहेरचा फिल्टर का घातला" यावर वाद व्हायला नको.

धुवून वापरायचे फिल्टर

हल्ली तरुण पोरं कापडी फिल्टर आणतात. लाल रंगाचं तेल लावलेलं सुती कापड तारेच्या जाळीत बसवलेलं असतं. "एकदा घ्या, जन्मभर धुवून वापरा, ॲव्हरेज वाढतं, पिकअप वाढतो" अशी त्याची जाहिरात असते. शर्यतीच्या गाडीला तो ठीक असेल. आमचं मत आपल्या कामाच्या गाडीला तो नको असं आहे, आणि त्याची कारणंही आहेत.

डिझेल गाडीची ताकद डिझेल किती जळतं यावर ठरते. कागदी फिल्टर चोंदलेला नसेल तर त्यातून पुरेशी हवा जातेच. मग हवा आणखी मोकळी करून हाती फारसं काही लागत नाही. दुसरं, हा फिल्टर धूळ पकडतो तो तेलाच्या जोरावर. धुतल्यावर तेल मापात लावावं लागतं. कमी पडलं तर धूळ आत जाते. जास्त झालं तर ते हवेबरोबर पुढं सरकतं आणि हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसतं. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-सहा गाड्यांत बहुधा असा सेन्सर असतो. तो चुकीचं मोजू लागला की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी ओढ सोडते. आपल्या फुफाट्यात असा फिल्टर वरचेवर धुवावा लागणार, आणि प्रत्येक वेळी तेलाचं माप बरोबर जमेल याची खात्री कोणी द्यायची?

डबा काढून टाकून उघडा, शंकूसारखा फिल्टर बसवणं तर त्याहून वाईट. तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो आणि चाकानं उडवलेली धूळ थेट घेतो. आवाज भारी येतो, एवढंच.

काही जण उलटा उपाय करतात. कागदी फिल्टरवर जुन्या बनियनचं कापड गुंडाळतात. धूळ जास्त अडावी हा हेतू चांगला आहे. पण कापड रबराखाली अडकतं आणि तिथंच फट पडते. शिवाय कापडानं हवा अडली की गाडी काळा धूर टाकते. चांगल्या फिल्टरला अशा मदतीची गरज नसते.

बसवताना आणि नंतर

नवा फिल्टर बसवण्याआधी डबा आतून ओल्या फडक्यानं पुसा. वाऱ्याचा झोत मारू नका, कारण तीच धूळ उडून इंजिनाकडच्या तोंडात जाते. त्या तोंडाला आधी स्वच्छ फडकं लावून ठेवा, आणि ते काढायचं विसरू नका. झाकण लावताना थोडा जोर लागला पाहिजे. अलगद लागलं तर आमच्या बंधूंची गाडी आठवा. क्लिप तुटली असेल तर नवी घाला, तारेनं बांधू नका. डब्यापासून इंजिनापर्यंतचा होजपाइप वाकवून चिरा पडल्यात का ते बघा आणि त्याच्या पट्ट्या आवळा. फिल्टर कितीही उत्तम असला आणि पुढचा पाइप चिरला असला, तर पैसे पाण्यात. डब्याखाली धूळ बाहेर टाकणारी रबराची चोच असेल तर ती बोटानं दाबून मोकळी करा. ती फाटली असेल तर बदला.

काही डब्यांत मोठ्या फिल्टरच्या आत दुसरा बारीक फिल्टर असतो. तो राखणदार आहे. त्याला झटकायचं नाही, हवा मारायची नाही. मोठा फिल्टर दोन-तीनदा बदलला की तो सरळ बदलून टाकायचा.

आठवडाभर गाडी चालली की एकदा होजपाइप काढून आत पांढरं फडकं फिरवा. स्वच्छ निघालं तर निवड बरोबर झाली. धूळ लागली, तर गाडी तिथंच थांबवून फट शोधा. मोठ्या खर्चातून वाचवणारी याहून स्वस्त परीक्षा आम्हाला माहीत नाही.

आता हवा मारण्याविषयी. गाडी पंक्चरच्या दुकानासमोर थांबली की पोरगं विचारतंच, "मालक, फिल्टरला हवा मारून देऊ का?" त्याचा हेतू चांगला असतो, पण तिथला कॉम्प्रेसर ट्रकच्या टायरसाठी असतो. तेवढ्या दाबाचा झोत कागदाजवळ धरला की त्याला न दिसणारी भोकं पडतात. मारायचीच झाली तर दाब अगदी कमी ठेवा, नळी वीतभर लांब धरा आणि झोत आतून बाहेर द्या. बाहेरून आत कधीही नाही. फिल्टर दगडावर, टायरवर आपटू नका. आपटला की टोकाची चकती वाकडी होते, मग तो घट्ट बसत नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती पुष्कळांना खोटी वाटते. थोडी धूळ बसलेला कागदी फिल्टर अगदी नव्या फिल्टरपेक्षा जास्त बारीक धूळ अडवतो, कारण बसलेली धूळच पुढच्या धुळीला गाळते. जात्यावरच्या चाळणीत पीठ बसलं की ती आणखी बारीक गाळते, तसंच. म्हणून दर आठवड्याला फिल्टर काढून झटकण्यात पुण्य नाही. जितक्या वेळा डबा उघडाल, तितक्या वेळा थोडी धूळ आत पडणार. सूचक असेल तर तो लाल दाखवेपर्यंत वाट बघा. सूचक नसेल तर गाडीच्या पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला बदला. त्या पुस्तकात 'धुळीच्या रस्त्यासाठी' म्हणून वेगळा, कमी आकडा असतो. डांबरीवरच्या गाड्यांचा आकडा आपला नव्हे, आपला तो कमीचा.

फिल्टर बसवला की झाकणाच्या आतल्या बाजूला पेननं तारीख आणि किलोमीटर लिहा. मिस्त्री बदलतो, ड्रायव्हर बदलतो, लिहिलेलं राहतं.

आणि धूळ फिल्टरपर्यंत कमी येईल असं बघणं आपल्याच हातात आहे. मळणीयंत्र चालू असताना गाडी भुश्शाच्या अंगाला चालू ठेवून उभी करू नका. वाऱ्याची दिशा बघून दुसऱ्या अंगाला लावा आणि माल भरेपर्यंत इंजिन बंद ठेवा. उसाच्या ट्रेलरमागे पांदणीतून जायची वेळ आली तर घाई करून त्याच्या शेपटीला लागू नका. धुरळा खाली बसेल एवढं अंतर सोडा, नाहीतर बाभळीखाली दोन मिनिटं थांबून तंबाखू मळा.